ज्योतीची आई दाराबाहेर

१४ डिसेंबर

आज डॉक्टरांसमोर मी मान हलवली. ते मनातून जात नाही, बोलायला कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

सकाळी मुदखेडहून ज्योती आणि तिचा नवरा दत्ता मुलाला घेऊन आले. आमच्याच नवजात बाळांच्या युनिटमधून गेल्या आठवड्यात घरी गेलेला. ओठ निळसर, छाती आत ओढलेली. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला झालेली जुळी. मुलगा जरा भरला म्हणून घरी सोडला, मुलगी अजून आमच्याकडे. आमच्या कागदांवर ज्यो-१ आणि ज्यो-२. नावं अजून ठेवलेली नाहीत.

डॉक्टर ज्योतीच्या नवऱ्याला समजावत होते. न्यूमोनिया. घरी अंघोळीनंतर आजीनं ओव्याची धुरी दिली. कच्च्या फुप्फुसाला धूर कसा सोसणार? मग माझ्याकडे वळून, "सिस्टर, घरी जाताना सगळं सांगितलं होतं ना?"

मी म्हणाले, "आईला सगळं शिकवलं होतं." आणि मान हलवली.

शब्द न् शब्द खरा.

आमच्याकडे व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. त्याला घरी पाठवून जी जागा केली होती तिथे दुसरं बाळ आहे. दुपारी अॅम्ब्युलन्सनं लातूरला रवाना. दत्ता बरोबर गेला. तो तिथेच एका मेसमध्ये स्वयंपाकी आहे, क्लासच्या मुलांची मेस. ज्योती इथे ज्यो-२ पाशी. एक लेकरू इथं, एक तिथं.

१५ डिसेंबर

लातूरहून फोन. ज्यो-१ व्हेंटिलेटरवर. एवढंच.

ज्योतीची आई गयाबाई. मी तिला "आजी" म्हणत आले, ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. बाळं झाल्यापासून रोज डबा घेऊन युनिटच्या दाराशी. आत फक्त आई, हा नियम. नियम चांगला आहे. बाहेरची माणसं आत आली की जंतू येतात, मी मेलेली बाळं पाहिली आहेत. नियमाबद्दल काही म्हणायचं नाही.

पण तिनं विचारलं होतं. "बाई, मला बी दाखवा की. एवढुसं लेकरू कसं धरायचं, कसं पाजायचं. घरी माझ्याच हातात ऱ्हाणार हाय."

मी तिच्या मनगटांकडे पाहिलं. हिरव्या काचेच्या बांगड्या, कोपराच्या अर्ध्या वाटेपर्यंत. म्हणाले, "बांगड्या काढून या, मग बघू."

नवरा जिवंत असलेली बाई बांगड्या काढणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. "नाही" म्हणावं लागू नये म्हणून तसं म्हणाले. ती "हाव" म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

ज्योतीच्याही हातात बांगड्या होत्या. तिच्या बांगड्यांवर मी स्वतः गॉजची पट्टी गुंडाळून वर लांब हातमोजे चढवले होते. तसं चालतं.

१६ डिसेंबर

झोप नीट नाही. ड्यूटीवर दोन्ही नव्या पोरींना उगाच झापलं.

आणखी एक लिहून टाकते. ज्यो-१ घरी गेला तेव्हा ज्योतीला मीच सांगितलं, मुलीसाठी रोज इकडे यायचं, दूध द्यायचं, छातीशी बांधून बसायचं. ती सकाळच्या पॅसेंजरनं मुदखेडहून यायची, संध्याकाळी परत. म्हणजे दिवसभर मुलगा गयाबाईकडे. हे मला माहीत होतं. गाडीची वेळ मीच विचारून घेतली होती.

घरी जाऊन दुसऱ्याच दिवशी ज्योती माझ्या टेबलाशी आली. नखानं टेबलाची कड खरवडत उभी. "बाई, तुम्ही बोलता का आईशी? फोन लावून देते. मी काय सांगाय लागले की म्हणती, चार पोरं वाढवली म्या, तू मला शिकवू नको."

मी काय म्हणाले? "तू आई आहेस. तूच ठामपणे सांग. प्रत्येक वेळी सिस्टर येणार आहे का तुझ्या घरी?"

"हाव," म्हणाली. ह्या पोरी मोठ्या बाईला "न्हाई" म्हणत नाहीत. मला म्हणाली नाही, आईलाही म्हणाली नसेल. मी त्या "हाव"चा अर्थ समजलं असा धरला. इतकी वर्षं असाच धरत आले.

१८ डिसेंबर

ज्यो-१ जैसे थे. ज्यो-२ दूध ओढते आहे. चमच्यानं दिलं तर जीभ बाहेर काढून शेवटचा थेंब चाटते. ज्योती आता इथेच आयांच्या खोलीत राहते. बाळ छातीशी बांधून भिंतीकडे तोंड करून बसते. कुणाशी बोलत नाही.

फरहीन, माझ्या हाताखालची सिस्टर, जीभ फार लांब. म्हणाली, "मॅडम, दोन दिवस झाले तुम्ही मला ओरडल्या नाहीत. बुखार वगैरे तर नाही ना?"

"काम कर."

"हां, आता बरं वाटलं."

तिच्याकडूनच कळलं. दत्तानं ज्योतीला फोनवर सुनावलं, "तुझ्या आईनं पोराला धुरात घातलं." दत्ताची आई म्हणते, मुलगी सुटली की सरळ लातूरला आणा, त्या बाईच्या हाती द्यायची नाही. गल्लीतल्या बायका गयाबाईच्या दारावरून जाताना मान वळवतात. आणि गयाबाई, फरहीन म्हणाली, जेवत नाही. "तिचं म्हणणं एकच, मी आता त्या पोरीला हात लावणार नाही."

ज्यो-२ आठ-दहा दिवसांत सुटेल. दर दोन तासांनी दूध, सतत छातीशी ऊब, रात्रंदिवस. वर लातूरच्या चकरा. एकटीनं होणार नाही. लातूरला दत्ताची आईही मेसवर भाकऱ्या करायला जाते, दिवसभर घराला कुलूप. ह्या मुलीला गयाबाईचे हात पाहिजेत. आणि ते हात तिनं मागे घेतले आहेत ते मी हलवलेल्या एका मानेमुळे.

२० डिसेंबर

सुट्टीचा दिवस. एस.टी.नं लातूरला गेले. कुणाला सांगितलं नाही. बस माझ्या जुन्या कॉलेजावरून गेली. तिथे बेडकाचं फुप्फुस इतकं सुबक काढलं होतं की सरांनी वर्गात सगळ्यांना दाखवलं. आज ते आठवून बरं वाटलं नाही.

ओळख सांगितल्यावर तिथल्या सिस्टरनं आत घेतलं. हातात घड्याळ विसरले होते, तिनं काढायला लावलं. बरोबरच. ज्यो-१ व्हेंटिलेटरवरून उतरला आहे, ऑक्सिजनवर. पायाचे तळवे गरम. एवढं पाहिलं.

बाहेर दत्ता. मेसवरून पळत आलेला, हातांना लसणाचा वास, शर्टावर हळद. मला पाहून पायाच पडला. "बाई, तुम्ही एवढ्या लांबून! तुम्ही व्हत्या म्हणून दोघं जगली. नाहीतर आमच्या मामीनं..." सासूला तो मामी म्हणतो.

इथे बोलायचं होतं. त्यासाठीच गेले होते. वाक्यं बसमध्ये तयार केली होती.

"चहा घेता ना?" म्हणाला.

घेतला. तो सांगत होता, मेसची पोरं रोज विचारतात, दत्ताभाऊ, पिल्लू कसं आहे. एकानं तर परीक्षेच्या आदल्या दिवशी ताटातली पोळी बाजूला ठेवून त्याच्यासाठी प्रार्थना केली म्हणे. मी हसले. चहा संपवला. परतीच्या बसमध्ये बसले.

घरी येऊन भात टाकला, जेवले नाही.

२१ डिसेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. म्हणजे आहे, पण कालचंच.

२२ डिसेंबर

दुपारची ड्यूटी बदलून घेतली, मुदखेडला गेले. रुळांच्या पलीकडे पत्र्याचं घर, दारात शेळी. गयाबाई उंबऱ्यावर बसली होती. मला पाहून उठली, शेजारच्या घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, मला बसवलं, स्वतः जमिनीवर. तिच्या नवऱ्यानं, रेल्वेत खलाशी होता, आतूनच नमस्कार केला आणि बाहेर आला नाही.

"लेकरू गेलं का, बाई?"

मी अशी अचानक आले म्हणून तिला तसं वाटलं. "नाही, नाही. बरं आहे." तिचे हात खाली पडले.

परसात शेगडी उलटी करून टाकली होती. तिचं लक्ष गेलं मी पाहते आहे ते.

"समदे म्हणत्यात चुकलं. दत्ता म्हणतो, डाक्टर म्हणतो, माझी पोरगी बी म्हणती. कसं चुकलं ते एक जण सांगंना. ह्याच धुरीवर माझी चार वाढली. ज्योती बी."

मी सांगितलं. पोटात पूर्ण दिवस भरले असते तर फुप्फुसं तयार झाली असती. ह्याची कच्ची आहेत, आतून अजून ओली. धूर तिथे जाऊन बसतो. चार पोरं पूर्ण दिवसांची होती, म्हणून निभावली. हे असं घर आणि हिवाळा, थंडीही लागली असेल, दूधही श्वासनळीत गेलं असेल. फक्त धुरानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टरही नाही.

ती ऐकत होती. पदराचं टोक दातात.

"मंग हे आधी का न्हाई सांगितलं?"

तयार केलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं. मी बांगड्यांचं निमित्त केलं. चूक माझी आहे."

तिनं दातातलं पदराचं टोक सोडलं.

"म्या इचारलं व्हतं," ती म्हणाली. "रोज घरी यऊन मालकाला म्हणायची, बाई लई कडक हाय, पर लेकरांचं चांगलं करती. कडक माणूस खोटं न्हाई करत."

मी म्हणाले, "उद्या या. मी तुम्हाला शिकवते. मुलगी आठवड्यात सुटेल."

"मी न्हाई हात लावत."

"गयाबाई, ज्योतीला एकटीला जमणार नाही."

पहिल्यांदा नावानं हाक मारली. तिनं वर पाहिलं. "दत्ताला सांगितलं का तुम्ही हे? जे मला सांगितलं?"

"नाही."

"मंग आधी त्याला सांगा," म्हणाली, आणि आत चहा टाकायला गेली. चहा कोरा होता. दूध शेळीचं होतं, ते माझ्यासाठी काढलं नाही. योग्यच.

२३ डिसेंबर

डॉक्टरांना केबिनमध्ये सांगितलं. आजीनं शिकवा म्हणून विचारलं होतं, मी परत पाठवलं. ज्योतीनंही विनवलं होतं, मी तिलाही परत पाठवलं. तुमच्यासमोर मान हलवली ती अर्धवट खरी होती.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सिस्टर, नियम तर आपलाच आहे ना. एवढ्या बाळांमध्ये कुणाकुणाला शिकवणार? आता मागचं काढून उपयोग काय?"

म्हणजे माफ. मला ते नको होतं. मी म्हणाले, इथून पुढे घरी बाळ ज्याच्या हातात राहणार त्या माणसाला आत घ्यायचं. आई सोडून एक. डॉक्टर म्हणाले, बघू, लेखी द्या. देईन. गयाबाई आली तर तोवर माझ्या जबाबदारीवर आत घेईन.

दत्ताला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी ओरडत होतं, "दत्ताभाऊ, आमटी!" तो म्हणाला, बाई, पंगत चालू हाय, नंतर करू का? मी म्हणाले, कर. त्यानं केला नाही. मीही परत लावला नाही.

२४ डिसेंबर

गयाबाई आली.

दत्ताला सांगितल्याशिवाय येईल असं वाटलं नव्हतं. दारातल्या बाकावर बसली नाही, थेट बेसिनपाशी उभी राहिली. पदर खोचलेला. दोन्ही मनगटं मोकळी. मनगटांवर बांगड्यांच्या जागी फिकट पट्टे.

मी म्हणाले, "अहो, काढायची गरज नव्हती. पट्टी बांधली असती."

"मालकाला इचारून उतरवल्या. साबण लावून. एक मातुर निघंना, वाढवावी लागली." पदराच्या गाठीतून रुमाल काढला, बांगड्या गुंडाळलेला, माझ्या हातात दिला. "ठिवा तुमच्यापाशी. इथं चोऱ्या व्हत्यात म्हणं."

फरहीन तेवढ्यात म्हणाली, "खाला, ही आमची मॅडम असताना इथं चोर पण हात धुवून आत येतो." गयाबाई हसली नाही. ज्योती मात्र हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

रुमाल ड्रॉवरमध्ये ठेवला.

२६ डिसेंबर

गयाबाईला शिकवणं सोपं नाही. घाबरली आहे. ज्यो-२ ला असं दाबून धरते की पोर गुदमरेल. चमचा ओठांशी नेताना कलतो, दूध मानेवर. मी ओरडले, "हळू!" ती चमचा वाटीत ठेवून उठूनच गेली. जुनी सवय जात नाही माझी.

थोड्या वेळानं बाहेर गेले. बाकावर बसली होती, तिच्या त्याच जुन्या जागी. मी शेजारी बसले. त्या बाकावर मी कधी बसले नव्हते. तिथून आतलं काही दिसत नाही, दाराच्या काचेवर कागद चिकटवला आहे. मीच चिकटवलेला.

"चला," म्हणाले. "मी ओरडणार नाही."

"ओरडा," ती म्हणाली. "पर आधी सांगा, मंग ओरडा."

२८ डिसेंबर

आज गयाबाईनं छातीशी बांधून पूर्ण सकाळ काढली. मुलगी तिच्या गळ्याशी झोपली. श्वास मोजायला शिकवले. छाती आत ओढते म्हणजे काय, पाय गार म्हणजे काय, कधी वाट न बघता गाडी करायची. ज्योती समोर बसून आईला चुका दाखवत होती. "आई, मान वर. आई, घाई नको करू." गयाबाई तिला म्हणाली, "हाव गं बाई, मोठी सिस्टर झाली."

लातूर : ज्यो-१ चा ऑक्सिजन परवा काढला होता, काल रात्री परत लावावा लागला. असं होतं. असं होऊन बरीही होतात. नाहीही होत.

३१ डिसेंबर

दत्ता आला. मुलगी परवा सुटणार म्हणून. युनिटबाहेर ज्योती, गयाबाई, तो. त्यानं सासूकडे पाहिलं नाही. "आमची आई म्हणती, लातूरला न्यायची. मामीकडं न्हाई."

गयाबाई खाली बघत होती. मग माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहूनच बोलले. बसले असते तर जमलं नसतं. धुरी द्यायची नाही हे ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी शिकवा म्हणून विचारलं होतं, मी दारातून परत पाठवलं. तुझ्या बायकोनंही मला बोलायला सांगितलं होतं, मी नाही बोलले. त्या दिवशी डॉक्टरांसमोर हे सांगायला हवं होतं. लातूरला तू चहा पाजलास तेव्हाही.

त्याला राग येईल म्हणून मी थांबले. राग आला असता तर बरं होतं.

"म्हंजे मामीची चूक न्हाई म्हणता?"

"नाही."

"कुणाची तरी हायच की, बाई. माझं पोरगं तिथं नळी लावून पडलंय."

"माझी."

"तुमची म्हणून मी काय करू?" म्हणाला, आणि जिन्याकडे गेला. अर्ध्या जिन्यात थांबला. वळून न बघता, "पोरीला मुदखेडला न्या मामी. आईला मी सांगतो." मग गेला.

ज्योती रडायला लागली. गयाबाई म्हणाली, "रडू नको, दूध आटतंय." हे काही खरं नाही, पण मी दुरुस्त केलं नाही.

२ जानेवारी

आज ज्यो-२ घरी गेली. डॉक्टरांकडे दिलेल्या माझ्या लेखी सूचनेवर अजून उत्तर नाही. दाराच्या काचेवरचा कागद मात्र मी काढला.

गयाबाईला शेवटचं एकदा विचारलं, "धुरी?" म्हणाली, "शेगडी शेजारणीला दिली. परसात बी नको." बाहेर ऊन होतं, वारा गार. ज्योतीनं रिक्षाचे दोन्ही पडदे खाली ओढले.

मी ड्रॉवरमधून रुमाल काढून पुढे केला. तिनं घेतला नाही.

"उतरवलेल्या परत घालत न्हाईत, बाई. माझा छोटा राजा लातूरहून आला की कासाराकडं जाऊन नव्या भरीन. तवर हात मोकळेच बरे, सारखं धुवायचं ऱ्हातंय."

"आणि ह्या?"

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

मी लेकराला ज्योतीच्या हातात दिलं, ज्योतीनं आईच्या. गयाबाईनं पदराखाली छातीशी घेतलं, मान बरोबर वर. रिक्षा स्टेशनकडे गेली.

संध्याकाळी लातूरला फोन केला. ऑक्सिजन चालू आहे. थोडा कमी केला आहे म्हणतात.

दिलं : मुलगी, वजन वाढतीवर. दोन टोप्या, पायमोजे, एक वाटी, दोन चमचे, ताप बघायची कांडी, माझा घरचा नंबर. घेणार, गयाबाई.

माझ्याकडे राहिलं : हिरव्या काचेच्या बांगड्या, एक कमी. रुमालासकट.